कुठी विचारायचं नाही

बाबा गाडी ढकलत नेतात हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचा कॉक बघायला गेले होते. रविवार होता, सकाळचे सात वाजले असतील. खाली गल्लीत बाबा आपली जुनी दुचाकी धरून चालले होते. डोक्यावर हेल्मेट, हँडलला पिशवी, किल्ली लावलेली, आणि माणूस पायी. गाडी खरंच बिघडली असती तर त्यांनी किक मारमारून आणि तिच्या कंपनीचा उद्धार करून अख्खी गल्ली जागी केली असती. तसं काही नव्हतं. भिंतीच्या कडेकडेने, अगदी शांतपणे ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले आणि वळले. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

घरापाशी गाडी सुरू न करणारा माणूस आवाज लपवतो, आणि आवाज लपवणारा माणूस आणखीही काही लपवत असतो. मला एवढं पुरेसं होतं.

मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं शाळेत शिकवते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं परीक्षेच्या पथकात गेली. मोज्यात, वेणीत, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे, कुठेकुठे पोरं चिठ्ठ्या लपवतात हे मला पाठ आहे. वर्गात शिरलं की कोण जास्त शांत बसलंय तेवढं बघायचं, तोच चोर. पोरांनी माझं नाव ‘पथकबाई’ पाडलं आहे आणि मला त्याचा राग येत नाही. माझा नवरा नोकरीनिमित्त कारंज्याला राहतो, पंधरा दिवसांनी येतो. तो म्हणतो, “लोक दुधात पाणी शोधतात, तू दूधवाल्याच्या नमस्कारात शोधते.” आई गेल्यावर मी बोरगावातल्या बाबांच्या घरी राहायला आले ती त्यांना सोबत म्हणून. पण सोबत आणि पहारा यातला फरक मला कधी नीट कळला नाही, हे आज कबूल करते.

त्या दिवशी दुपारी बाबा परतले. मी काहीच बोलले नाही. पुढच्या रविवारी ते चपला घालत असताना मात्र विचारलं, “कुठी चालले बाबा?”

बाबा थांबले. चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, “पाह्य बाई, निघताना मानसाले कुठी म्हनून इचारू नोको. काम होत नाई.”

मी बघतच राहिले. हे कोण बोलत होतं? आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात शकुन-अपशकुनाला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मांजर आडवं गेलं म्हणून आई एकदा क्षणभर थांबली, तर बाबांनी मुद्दाम त्या मांजराला दूध पाजलं होतं. अमावस्येला त्यांनी घराचा पाया खणायला घेतला होता. लहानपणी मला सुपारी-लिंबाची भीती वाटू नये म्हणून चौकात उतरवून ठेवलेलं लिंबू उचलून त्यांनी त्याचं सरबत केलं होतं आणि स्वतः प्याले होते. आणि हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर मला सांगत होता की ‘कुठी’ विचारलं की काम होत नाही!

कुठेतरी पाणी मुरत होतं. नक्की कुठे, याचाही अंदाज मला येऊ लागला होता.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही, दुकानात मिळत नाही. नाल्याकाठी, तलावाकाठी, झुडपाआड मिळते, आणि ती मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. बाबा रविवारी दुपारी परत यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला मोहाचा वास यायचा. गोडसर, आंबूस, नाकात चिकटून बसणारा. कपडे धुताना मी दोनदा हुंगून खात्री केली. शिवाय त्यांचं चालणं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय अडखळायचा. दाराची कड खांद्याला लागायची. एकदा मी चहाचा कप समोर धरला तर त्यांनी हात भलतीकडेच नेला, कप पडला, आणि उलट माझ्यावरच चिडले, “नीट देता येत नाई?” पेपर वाचणंही सोडलं होतं. पाच वर्तमानपत्रं चाटून पुसून वाचणारा माणूस म्हणायचा, “त्यात काय राह्यते आजकाल.”

मला भीती वाटत होती. रागाच्या खाली भीतीच होती, आणि ती साधी होती. माझा एक मामा असाच गेला. आधी वास, मग अडखळणं, मग चिडणं, मग दोन वर्षांत सगळं संपलं. आई नुकतीच गेलेली. बाबांनाही मी याच वाटेने घालवून बसणार, असं मनाने घेतलं होतं. म्हणून मी घर तपासलं. गादीखाली, धान्याच्या कोठीत, जुन्या ट्रंकेत, मोरीच्या खिडकीत. काही सापडलं नाही. न सापडण्याने माझा संशय आणखी पक्का झाला, कारण हुशार पोरं कधी चिठ्ठी दप्तरात ठेवत नाहीत.

तिसऱ्या रविवारी मी आधीच जाऊन किराणा दुकानात उभी राहिले. बाबा गाडी ढकलत आले. दुकानाच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ वाट बघत होते. बारीक, काळेसावळे, खांद्यावर कापडात गुंडाळलेली लांब काठी. मी त्यांना ओळखलं. बाबांच्या ऑफिसात ते शिपाई होते. मूळचे ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार, सेलूकडच्या एका तलावाकाठच्या गावचे. लहानपणी मी त्यांना काका म्हणायची. काकांनी बाबांच्या हातातली गाडी घेतली, काठी बाबांकडे दिली, स्वतः पुढे बसले आणि बाबा मागे. माझे बाबा, जे आयुष्यात कधी कुणाच्या मागे बसले नव्हते!

म्हणजे संगतही मिळाली होती. मी माझी स्कूटी काढली आणि अंतर ठेवून निघाले.

सेलूच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्याने ते गेले. पुढे कपाशीची शेतं, मग कच्चा रस्ता, मग तलावाचा बांध. मी गाडी बाभळीखाली लावली आणि चालत गेले. पुढे ते दोघं पायवाटेने उतरत होते आणि काका एकसारखे बडबडत होते. “आता उतार आला. हे इकडं दगड हाय. बाभूय आली, वाक जरासा.” बाबा मुकाट ऐकत होते. मला वाटलं, म्हातारा सकाळीसकाळीच लावून आलाय.

मी बांधावरून खाली आले तेव्हा दोघं पाण्याच्या कडेला बसले होते. मध्ये एक डबा उघडा होता, आणि त्यातून तोच वास भपकन आला.

“सापडले!” मी म्हणाले. खरंच म्हणाले, वर्गात म्हणते त्याच आवाजात.

बाबा दचकले. मान वळवून माझ्याकडे न बघता माझ्या उजवीकडच्या झुडपाकडे बघत म्हणाले, “तू इथं कशी?”

“या डब्यात काय हाय?”

काकांनी डबा उचलून माझ्या हातात दिला. आत तपकिरी रंगाचा, कणकेसारखा गोळा होता. ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भाजून कुटलेली आणि त्यात आंबवलेली मोहफुलं कालवलेली. “खाऊन पाह्य,” काका म्हणाले. “पन हे मानसाचं नाई, रोहूचं हाय. या वासानं मासा दुरून येते.”

म्हणजे बाबा मासे धरायला जात होते. एवढंच. सुटकेने मला रडू येईल असं वाटलं, पण ते काही क्षणच. कारण मग प्रश्न उभा राहिला की एवढंच होतं तर लपवायचं कशाला? आमच्या घरात मासे खातात. मासे धरण्यात लाज कसली? निर्दोष माणूस गाडी ढकलत नेत नाही.

“मले बी शिकवा,” मी म्हणाले. शिकायची हौस नव्हती. जवळ बसून बघायचं होतं.

बाबा पाण्याकडे वळले. मग म्हणाले, “शीक.”

त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत आणि पुढे हिवाळाभर मी बहुतेक रविवारी तलावावर गेले. मी माझ्या स्कूटीवर, ते दोघं बाबांच्या गाडीवर. तलाव मच्छीमार संस्थेचा होता, पण काठावर बसून गरी टाकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना कुणी हटकत नसे. गरी म्हणजे गळ. काकांची गरी काठीला बांधलेली असायची आणि दोऱ्यावर मोरपिसाची दांडी तरंगायची. मासा लागला की दांडी बुडते. हे सोपं होतं, कुणालाही दिसेल असं. पण बाबांकडे काठीही नव्हती आणि मोरपीसही नव्हतं. लाकडाच्या फळीला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, टोकाला शिसाचा तुकडा आणि गरी. ते दोरा फेकायचे, ताण धरायचे आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घेऊन गप्प बसायचे. मला शिकवायलाही त्यांनी तोच दोरा दिला.

“मले मोरपीसवाली द्या ना,” मी म्हणाले.

“पान्याकडं पाह्यचंच नाई. बोटाले समजते.”

“पान्याकडं न पाह्यता मासे?”

“मासा काय पान्यावर बसून राह्यते? तो खाली हाय. डोये काय कामाचे?”

मला हे पटलं नाही. समोर सोपी रीत असताना बाबांनी अवघड रीत का धरावी? मला वाटलं, काकांनी चांगली काठी आपल्याकडे ठेवून बाबांच्या हातात रद्दी दोरा दिला आहे. मोठे मासेही बहुतेक काकांनाच लागायचे. आता घरी लपवायचं नव्हतं, त्यामुळे जाताना काका बाबांच्या पिशवीत दोन-तीन मासे टाकायचे आणि बाबा हाताने चाचपून म्हणायचे, “हो, मस्त हायेत.” मी मनात टिपून ठेवायची की त्यांनी उघडून पाहिलंसुद्धा नाही. भोळा माणूस, मला वाटायचं, कुणीही फसवेल.

मी स्वतः मात्र काहीच पकडू शकत नव्हते. बोटावर जरा थरथर झाली की मी दोरा ओढायची. गरी रिकामी यायची, कधी खाद्यासकट जशीच्या तशी, कधी खाद्य गायब. एका सकाळी मी सतरा वेळा ओढला आणि सतराही वेळा रिकामा. सतराव्या वेळी बाबा हसले.

“तू माशावर बी संशय घेऊन राह्यली,” ते म्हणाले. “पयल्यांदा तो नुसता चाखते. दुसऱ्यांदा बी चाखते. तवा हालायचं नाई. तिसऱ्यांदा घेऊन पयते, तवा वढजो.”

“आन् तिसऱ्यांदा आलाच नाई तं?”

“नाई आला तं नाई आला. त्याची मर्जी.”

मला हे असं थांबणं जमत नाही. पोराचा हात खिशाकडे गेला की मी तो पकडते. चिठ्ठी बाहेर निघेपर्यंत थांबायचं ठरवलं तर परीक्षा संपून जाईल. पण बाबा बाजूला बसून हळूच म्हणत राहायचे, “थांब. चाखून राह्यला. थांब.” कधी त्यांचं बोट माझ्या बोटाशेजारी त्याच दोऱ्यावर असायचं. त्यांना थरथर माझ्याआधी कळायची. झिंग्याचं कुरतडणं वेगळं, रोहूचं चोखणं वेगळं, शिसं दगडाला घासलं तर ते आणखी वेगळं. मला सगळं सारखंच लागायचं.

जानेवारीतल्या एका सकाळी बाबा जरा दूर काकांजवळ बसले होते आणि दोरा एकट्या माझ्या हातात होता. थरथर आली. मी हलले नाही. पुन्हा आली. मी दात आवळले. मग दोरा सरसर बोटावरून सुटू लागला, बोट कापलं, आणि मी ओढला. पलीकडे खरंच कुणीतरी होतं! मी ओरडले असेन, मला आठवत नाही. काका धावत आले आणि “सैल सोड, आता वढ, सैल सोड” असं करत आम्ही तो काठावर आणला. रोहू होता. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पोटाकडे तांबूस, खवल्यांवर ऊन.

मी दोन्ही हातांनी तो धरला आणि बाबांकडे पळाले. “पाह्यजा बाबा, पाह्यजा!”

बाबा उठून उभे राहिले. चेहरा आनंदाने फुलला होता. “केवढा हाय?” ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले.

मासा त्यांच्या छातीसमोर होता. त्यांचे हात माझ्या डाव्या खांद्याजवळून गेले आणि हवेत काही नाही ते धरून थांबले.

“केवढा हाय?” त्यांनी पुन्हा विचारलं.

काका पुढे आले. त्यांनी बाबांची मनगटं धरली आणि सावकाश माशावर आणून ठेवली. बाबांची बोटं डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरली. “दीड किलोच्या वर,” ते म्हणाले, आणि मग माझं गप्प राहणं त्यांच्या लक्षात आलं.

मासा फडफडत होता. मी तो कधी खाली ठेवला ते आठवत नाही.

“कवापासून?” मी विचारलं.

“तुही माय होती तवापासून कमीच होतं,” बाबा म्हणाले. “उजवा पुरा गेला. डाव्यानं पाइपातून पाह्यल्यावानी दिसते, समोरचं थोडंसं. काचबिंदू. याच्यासंगं दवाखान्यात गेलतो. गेलं ते येत नाई म्हने. राह्यलं ते टिकवाले थेंब दिले.”

“थेंब कुठी ठेवता?”

“दाढीच्या डब्यात.”

सगळं घर तपासणाऱ्या बाईने दाढीचा डबा उघडला नव्हता. गाडी ढकलणं, उंबरा, चहाचा कप, पेपर, काकांची ती बडबड, “उतार आला, दगड हाय, बाभूय आली.” सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि प्रत्येकाचा मी लावलेला अर्थ चुकला होता. मला स्वतःची लाज वाटली. आणि बाबांचा रागही आला, कारण मी त्यांची मुलगी होते, आणि हे काकांना माहीत होतं, मला नव्हतं.

“मले काऊन नाई सांगितलं?”

बाबा खाली बसले. पाण्याकडे तोंड करून म्हणाले, “तू पकडतं ना बाई. इचारत नाई. सांगतलं असतं तं गाडी बंद, तलाव बंद, घरात बसवलं असतं. मले मालूम हाय. मी बी तुयासारखाच होतो.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. आदल्या वर्षी त्यांनी सांगितलं असतं तर मी गाडीची किल्ली त्याच दिवशी काढून घेतली असती, आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं असतं की बाबांच्या काळजीने केलं.

परत निघताना बाबा बांधावर थांबले होते आणि मी काकांबरोबर सामान आवरत होते. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “काका, तुमच्या मासे धरणाऱ्यांत निघताना कुठी म्हणून विचारत नाहीत, त्याचं काय कारण असते?”

काकांनी मोरपीस पुसून कापडात ठेवलं. “आमच्यात कायचा असा नेम, माय? आमच्या गावात तं सारेच इचारतात, कुठी चालला, कोन्या तयावर मासे धराले चालला. नाई इचारलं तं उलट वाईट वाटते.”

“मग?”

“तो तुया बाबानं काढला. तू रोज इचारशीन म्हनून.”

आयुष्यभर ज्यांनी घरात एक अंधश्रद्धा शिरू दिली नाही, त्यांनी स्वतः बसून एक तयार केली होती. माझ्यासाठी. माझ्याशी खोटं बोलावं लागू नये म्हणून. मी बांधावर उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. ते भलत्याच दिशेला तोंड करून आमची वाट बघत होते.

पुढच्या रविवारी काकांना मी घरीच राहा म्हणून फोन केला. बाबा चपला घालून गाडीजवळ आले आणि सवयीने ढकलायला लागले. मी हँडल धरलं. फाटकाबाहेर शेजारच्या बाई रांगोळी घालत होत्या, समोरचे गुरुजी पेपर घेऊन उभे होते. दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी विचारलं, “कुठी चाललो बाबा आपण?”

बाबांचा हात गाडीवर थांबला. मी वाट पाहिली. एकदा वाटलं आता बोलतील, आणि नाही बोलले. पुन्हा वाटलं. मी हलले नाही.

“तयावर,” बाबा म्हणाले. मग मी पुढे बसल्यावर ते मागच्या सीटवर बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “आन् गाडी सावकाश चालवजो बाई. मले दिसत नाई.”